हा घास मुंगीचा

खिडकीखालच्या फटीत एक मुंगी राहायची. फट कसली, बंगलाच तो! आत मुंगीबाई आणि तिची इवलीशी ठिपकी.

फटीसमोरच ओजूचा पाट. ओजू अडीच वर्षांचा. जेवायला बसला, की हनुवटीवरून एक तरी कण सांडायचाच. टप्प! मुंगीबाई तो उचलायची. तुरुतुरु तुरुतुरु घरी न्यायची. झालं ठिपकीचं जेवण!

वाटीतलं मात्र ती कधी घ्यायची नाही. "सांडलं ते आपलं, वाटीतलं त्याचं," म्हणायची. मुंगी झाली म्हणून काय, रीतभात नको?

आज वाटीत होता लाल भोपळा. मेथीदाण्याची फोडणी, गुळाचा खडा, वर ओलं खोबरं. वास तीन घरं पलीकडे गेला. एका ओजूच्याच नाकाला तो सापडला नाही.

"नक्को!" ओजू म्हणाला. ओठ घट्ट मिटले. गालांचे झाले फुगे.

मुंगीबाई थांबली. थांबली, थांबली, थांबली. टप्प नाही की टुप्प नाही.

"आई, भूक!" फटीतून ठिपकी म्हणाली.

मुंगीबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, ओजूच्या गुडघ्यावर.

"ओजू ओजू, एक घास खा.
कण सांडेना,
ठिपकी माझी उपाशी!"

"नाही खाणार," ओजू म्हणाला. बोलायला बरं तोंड उघडलं! "काऊ आला तर खाईन."

"बरं हो, राजे," मुंगीबाई म्हणाली. "काऊला आमंत्रण देऊन येते. तुम्ही बसा फुगून."

तुरुतुरु तुरुतुरु, बाहेर तारेवर. काऊ चोच पुसत होता. खस खस, खस खस.

"काऊदादा काऊदादा, खिडकीत ये.
ओजू खाईना,
कण सांडेना,
ठिपकी माझी उपाशी!"

"काव काव! रोज म्हणतात, हा घास काऊचा. नाव माझं, तोंड त्याचं! मिळाला का मला कधी एक तरी?" काऊ म्हणाला. "तरी येईन हो. मन मोठं आहे माझं. पण खिडकीत मनी बसलीय. मनी हलली तर येईन."

"एवढे मोठे पंख, आणि मनीला घाबरतोस?"

"घाबरत नाही. मान देतो."

तुरुतुरु तुरुतुरु, खिडकीत. मनी उन्हात पसरली होती. एक डोळा मिटलेला. दुसरा त्याहून मिटलेला.

"मनीताई मनीताई, जरा हल.
काऊ येईना,
ओजू खाईना,
कण सांडेना,
ठिपकी माझी उपाशी!"

"म्यांव! झोपून झोपून दमले गं बाई," मनी म्हणाली. "हलेन की. पण जाऊ कुठे? माझ्या खुर्चीत आजोबा बसलेत. आजोबा उठले तर हलेन."

"खुर्ची तुझी?"

"मग कुणाची?"

"काय बाई तुझे कष्ट!" मुंगीबाई म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, खुर्चीच्या पायावरून आजोबांच्या कानाशी. आजोबांच्या तोंडावर पेपर. घुर्रर्र, घुर्रर्र!

"आजोबा आजोबा, खुर्चीतून उठा.
मनी हलेना,
काऊ येईना,
ओजू खाईना,
कण सांडेना,
ठिपकी माझी उपाशी!"

"अं? जागाच आहे मी! पेपर वाचतोय!" आजोबा म्हणाले.

"उलटा?"

आजोबांनी पेपर सुलटा केला. "हे बघ, उठेन मी. पण ताट समोर आल्याशिवाय उठून करू काय? बाबाने ताटं घेतली तर उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु, बाबांच्या अंगठ्यावर. बाबांच्या हातात फोन. फोनमधलं बाळ गपागप पालक खात होतं. बाबा कौतुकाने बघत होते.

"बाबा बाबा, ताटं घ्या.
आजोबा उठेनात,
मनी हलेना,
काऊ येईना,
ओजू खाईना,
कण सांडेना,
ठिपकी माझी उपाशी!"

"श्श! शिकतोय मी," बाबा म्हणाले. "मुलांना भाजी भरवायच्या बारा युक्त्या. अकरा झाल्या!"

"मग भरवलीत भाजी?"

"अगं, बारावी राहिलीय ना! आणि ओजूची आई अजून उभीच आहे. ती बसली तर ताटं घेईन."

"शिका, शिका," मुंगीबाई म्हणाली. "ओजूच्या लग्नापर्यंत होईल शिकून."

तुरुतुरु तुरुतुरु, आईच्या पावलावर. आईच्या एका हातात वाटी, एका हातात चमचा. चमचा विमान झाला, भुर्रर्र! चमचा आगगाडी झाला, झुक झुक झुक! चमचा घोडा झाला, टबक टबक! ओजूचं स्टेशन मात्र बंद.

"ओजूच्या आई, ओजूच्या आई, खाली बसा.
बाबा ताटं घेईनात,
आजोबा उठेनात,
मनी हलेना,
काऊ येईना,
ओजू खाईना,
कण सांडेना,
ठिपकी माझी उपाशी!"

"बसेन हो मुंगीबाई. पाय बघा कसे दुखतायत," आई म्हणाली. "पण ओजूने एक घास खाल्ला तर बसेन."

"कुणी? ओजूने?" मुंगीबाई मटकन खाली बसली. "म्हणजे एवढं फिरून पुन्हा ओजूच?"

"आई, भूक..." फटीतून आवाज आला. आता तो फारच बारीक झाला होता.

आईने वाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवला. भरलेला चमचा तेवढा हातातच राहिला. मुंगीबाईने वाटीकडे बघितलं. ठिपकीच्या फटीकडे बघितलं. मग पदर खोचला आणि तुरुतुरु तुरुतुरु थेट वाटीच्या काठावर चढली. जन्मात पहिल्यांदा!

"ओजूराजे, तुम्हाला नको आहे ना?" ती मोठ्याने म्हणाली. "फार छान. अगदी खाऊ नका. हा भोपळा मी घरी नेते!"

आणि तिने सगळ्यात मोठी फोड धरली. हैशा! हैशा! फोड काही हलेना. फोडीलासुद्धा आधी दुसरं कुणीतरी हलायला हवं होतं बहुतेक.

ओजूने एक डोळा वळवला. मग दुसरा.

"ए! माझं!"

"तुमचं? तुम्हाला तर नक्को होतं."

"माझं! माझं! माझाआआ..."

तोंड उघडलं. चमचा आत. गप्प!

ओजूने चावलं. मच मच, मच मच. "गोड आहे," तो आईला सांगू लागला. जसा काही भोपळा त्यानेच पिकवला!

ओजूने घास खाल्ला, आई बसली.
आई बसली, बाबांनी ताटं घेतली.
बाबांनी ताटं घेतली, आजोबा उठले.
आजोबा उठले, मनी हलली. टुणकन ऊन ऊन खुर्चीत!
मनी हलली, काऊ आला. फडफड फडफड!
काऊ आला, ओजू खाऊ लागला.

"हा घास काऊचा." गप्प! ओजूच्या पोटात.

"बघ, काय सांगितलं होतं?" काऊ म्हणाला.

"हा घास मनीचा." गप्प! "हा घास आजोबांचा." गप्प!

"लागू पडली बरं का माझी युक्ती!" बाबा म्हणाले.

पण आज ओजू इतका नीट खाऊ लागला, की एक कण सांडेल तर शपथ! शहाणपण सुचायला नेमका हाच दिवस सापडला. मुंगीबाई पाटाशेजारी उभी. वर बघतेय. टप्प नाही की टुप्प नाही.

वाटीत उरला एकच घास.

"आणि हा घास कुणाचा?" आईने विचारलं.

ओजूने खाली बघितलं. मुंगीबाईने वर बघितलं.

"हा घास मुंगीचा," ओजू म्हणाला. त्याने दोन बोटं वाटीत घातली. छोटासा कण तोडला. आणि तोंडात नाही, हं, पाटाशेजारी ठेवला.

टप्प!

"काव?" काऊ म्हणाला. "नाव तिचं, आणि घासही तिचाच?"

"हो तर!" मुंगीबाई म्हणाली. कण डोक्यावर घेतला. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु, थेट फटीत.

ठिपकीने आ केला. विमान नाही, आगगाडी नाही, घोडा नाही. सगळा भोपळा खाल्ला आणि आईच्या मिशाही चाटल्या.

वाटी झाली रिकामी, गोष्ट गेली पोटात.
आता बघू, कोण करतंय आ?