बिनचर्चेचा ठराव

सावळघाट नावाचा एक डोंगरी मुलूख होता. मोठ्या दरबारानं त्याला स्वतःची सभा देऊ केली होती; तुमच्या वाटा, तुमचे पूल, तुमची रानं, काय ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणून. पण दिलेलं दान पुढं दरबाराच्याच डोळ्यांत सलू लागलं. सभा ठेवावी की मोडावी हे बघायला सरसुभेदार विक्रमाजीपंत पालखीतून आले.

त्या दिवशी दरीवरच्या दोरांच्या पुलावरून वाद पेटला होता. एक म्हणे दोर कुजलेत, दुसरा म्हणे अजून एक पावसाळा काढतील. पंतांनी मोठी जांभई दिली.

"हा काय बाजार मांडलाय? आमच्या दरबारात हुकूम सुटतो आणि सगळे माना डोलावतात. ही सभा मोडा, असंच मी कळवणार."

सभेच्या प्रमुख होत्या पुतळाआक्का. घाई त्यांच्या अंगातच नव्हती. तोंडातलं पान संपवून त्या सावकाश उठल्या.

"पंतांचं खरं आहे, बाबांनो. आज दरबारी रीतीनं करू. ठराव असा, की पूल भक्कम आहे. खात्रीसाठी पंतांना पालखीत बसवून आत्ताच त्यावरून न्यावं. चर्चा नाही. मंजूर?"

"मंजूर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. भोई पालखीकडे वळले.

"अरे थांबा!" पंत किंचाळले. "माझंही जरा ऐकून घ्या!"

"बोला की," आक्का खाली बसत म्हणाल्या. "सभा त्याचसाठी असते."

पंत दिवेलागणीपर्यंत बोलले. त्यानंतर सभा मोडा म्हणायला त्यांना तोंड उरलं नाही. आणि पुलाचे दोर बदलावेत म्हणून इतकं कळवळून त्या मुलखात पुन्हा कुणी बोललं नाही.