पाच मिनिटांचा थांबा

"चूक दाखवा, वस्ताद. एक तरी दाखवा."

तायाप्पाने कागद पुढे केला. हात तसाच लांब राहिला.

इलाही वस्ताद छपराखाली बाजेवर बसून सुंभ वळत होते. त्यांनी कागदाकडे पाहिले नाही.

"मला वाचाया येतं का?"

"नाही."

"मग वाच की."

तायाप्पा वाचणार, तोच रस्त्यापलीकडे हॉर्न वाजला. गॅसच्या पंपावरची रांग एका गाडीने सरकली होती. तो पळत गेला. गाडी एका गाडीपुरती पुढे घेतली. पळत परत आला. त्याची बायको शेवंता गाडीच्या सावलीला उभी होती. पुढे अजून नऊ गाड्या होत्या आणि सकाळचे नऊ वाजले होते.

अकरा वर्षे हा तायाप्पा वस्तादांच्या ट्रकवर क्लीनर होता. आधी फडके, मग टायर, मग स्टेअरिंग. चढ कुणीही चढतो, उतार शिकावा लागतो, हे त्याने याच माणसाच्या तोंडून ऐकले. आता सांगलीत त्याच्या स्वतःच्या दोन टुरिस्ट गाड्या होत्या, दोन्ही गॅसवर, आणि रस्त्याबाबत त्याला कुणी सांगितलेले खपत नसे. वस्ताद म्हातारे झाले, ट्रक विकला, सोलापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला छपरात राहू लागले. तायाप्पा या वाटेने गेला की थांबायचा. शिकायला नाही. दाखवायला.

"सांगली ते यवतमाळ," त्याने वाचले. "सव्वासहाशे किलोमीटर. टाकी आठ किलोची. दोनशे सहज जाते, पण मी एकशे सत्तरच्या वर ताणत नाही. जाताना चार पंप, येताना तीन. एखादा बंद निघाला तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही लिहिलेत. ते लाल शाईत."

"प्रेशर?"

"तेही धरलंय. उन्हाच्या वेळी गर्दी होते, प्रेशर पडतं, टाकी अर्धीच भरते. म्हणून लांबचे टप्पे सकाळीच टाकलेत."

वस्तादांची मान हलली. शिष्याला बरे वाटले.

"इचारलंस कुनाला हे?"

"पंपवाल्यांना. फोन लावले. काल एकदा, आज निघताना एकदा."

"सातीच्या साती पंपांस्नी?"

"चौदा फोन झाले, वस्ताद."

"आन पोरीला?"

...

तायाप्पाने कागदाची घडी घातली. परत उलगडली.

"तिची आई बोलते तिच्याशी."

चार वर्षांपूर्वी वनिताने आपल्या मनाने लग्न केले होते. मुलगा यवतमाळचा, मोटार वायंडिंगचे दुकान, जात निराळी. लग्नानंतर आठव्या दिवशी दोघे सांगलीला आले. तायाप्पा दारातच गाडीत बसलेला होता, भाड्यावर निघालेला. मुलगी खिडकीशी आली. त्याने काच वर केली आणि गाडी काढली. ते गिऱ्हाईक वेळेवर स्टेशनला पोचले. मुलगी त्यानंतर सांगलीत आली नाही. आताचे तिचे पहिले बाळंतपणही माहेरी झाले नाही.

वस्तादांना हे सगळे ठाऊक होते. शेवंताने सांगितले होते. तायाप्पाने नव्हते सांगितले.

हॉर्न वाजला. तो पळाला. गाडी पुढे घेतली. आला तेव्हा दम लागला होता.

"बस," वस्ताद म्हणाले.

"रांग सरकेल."

"सरकू दे. शेवंता हाक मारंल."

तो बसला नाही. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"वर काय बांधलंय रं गाडीला?"

"पाळणा. उद्या अकराला बारसं आहे. डिकीत गॅसची टाकी, तिथं जागा कुठली? म्हणून कॅरिअरला बांधला." मग न राहवून तो म्हणाला, "वारा धरतो तो. त्याचेही किलोमागे दोन किलोमीटर कमी केलेत मी."

"पाळन्यापायी?"

"पाळण्यापायी."

"हुशार हाईस."

हे कौतुक की टोमणा, ते तायाप्पाला कळेना. त्याने कौतुक म्हणून घेतले.

"अशी आखणी करणारा सांगलीत दुसरा दाखवा. आठ वर्षं गॅसची गाडी चालवतोय. रस्त्यात कधी उभा राहिलो नाही. बाकीचे बघा, टाकी संपल्यावर पंप शोधत फिरतात आणि मग पेट्रोलवर ढकलत नेतात."

"मी कुटं न्हाई म्हनलो?" वस्तादांनी सुंभाला पीळ दिला. "पंपावर किती वेळ धरलास?"

"रांगेसकट पाऊण तास."

"दर पंपाला?"

"दर पंपाला. कमी धरून चालत नाही."

"आन पोरीच्या घरला?"

तायाप्पाने कागदात पाहिले. पाहायची गरज नव्हती.

"पाच मिनिटं."

वस्तादांचा हात थांबला.

"पाच मिनिटांत काय भरतं रं?"

"मला काही भरायचं नाही तिथं. हिला सोडायचं, पाळणा काढून द्यायचा, गाडी फिरवायची. ही महिनाभर राहील आणि एसटीने येईल. पोचवीन असा शब्द दिला होता मी, तो पाळतोय. पोचवीन म्हटलोय. उतरीन म्हटलेलो नाही."

"पाळना कोन सोडनार मग?"

"जावई सोडेल. गाठी सोप्या मारल्यात."

"आन तू?"

"स्टेअरिंगवर. इंजिन चालू ठेवून."

...

रस्त्यावरून एक उसाची ट्रॉली गेली. तायाप्पाने घड्याळ पाहिले, पंपाकडे पाहिले, पुन्हा घड्याळ पाहिले. तिकडे शेवंताने हात वर केला. आता पुढे दोनच गाड्या होत्या.

"निघतो, वस्ताद. पण चूक नाही ना सापडली?"

वस्तादांनी सुंभ बाजूला ठेवले. पायात चपला अडकवल्या आणि काठी न घेता रस्ता ओलांडला. तायाप्पाला वाटले, निरोप द्यायला येत आहेत. वस्तादांनी मागचे दार उघडले. सीटवर बाळंतविड्याचे गाठोडे होते, ते सरकवले. आत बसले आणि दार लावून घेतले.

"कुठं निघालात, चाचा?" शेवंताने विचारले.

"कुटंच न्हाई. बसलोय."

तायाप्पा हसला. म्हातारपण, त्याच्या मनात आले. त्याने गाडी पंपाला लावली.

पंपावर एक बाई होती. खाकी शर्ट, तोंडाला रुमाल. तिने नेहमीचे बोल म्हटले, कुणाकडे न बघता.

"इंजिन बंद. बॉनेट उघडा. सगळे खाली उतरा."

तायाप्पाने इंजिन बंद केले आणि उतरला. बॉनेट उघडले. बाईने नळी हातात घेतली आणि मागच्या काचेतून आत पाहिले.

"बाबा, तुम्ही पण."

"मी उतरत नसतो," वस्ताद म्हणाले.

"पाय दुखतात का? हात देऊ?"

"पाय चांगलं हाईत."

"मग?"

"बसतो म्हनलोय. उतरतो म्हनलेलो न्हाई."

बाईने तायाप्पाकडे पाहिले. तायाप्पाने शेवंताकडे पाहिले. शेवंताने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहू लागली.

"आत माणूस असला की नळी लावत नाही आम्ही," बाई म्हणाली. "मंत्री असो नाही तर म्हातारा. उतरवा त्यांना, नाही तर गाडी बाजूला घ्या."

मागचा हॉर्न वाजला. त्याच्या मागचाही वाजला.

"ओ सांगलीवाले," कुणीतरी काचेतून डोके काढून म्हणाले, "घरचं भांडण घरी मिटवून यायचं. इथं गॅस भरतात."

तायाप्पा मागच्या दाराशी वाकला.

"वस्ताद, उतरा की."

"का?"

"का म्हणजे? उतरल्याशिवाय भरत नाहीत."

"मला काय भरायचं न्हाई."

"गाडीला भरायचंय. उशीर झाला तर पुढच्या पंपाला प्रेशर पडेल. तिथं अर्धी टाकी, मग त्याच्या पुढचा टप्पा तुटला. माझं सगळं गणित जातंय इथं."

"कागद काढ. लाल शाईत आसंल काय तरी."

"त्यात हे नाही."

"न्हाई?" वस्तादांना नवल वाटल्यासारखे दिसले. "चौदा फोन केलंस की."

तायाप्पाच्या कपाळावर घाम आला होता. मागे चार-पाच हॉर्न एकदम वाजत होते. आठ वर्षांत तो रस्त्यात कधी उभा राहिला नव्हता. आज उभा होता, आणि टाकी रिकामी म्हणून नव्हे.

"दारात येऊन उतरणार नाही म्हणणारा माणूस," तो दात आवळून म्हणाला, "कागदात धरायचा तरी कुठं, वस्ताद?"

...

हॉर्न वाजत होते. ते त्याला ऐकू येईनासे झाले.

शेवंता वळली होती. ती नवऱ्याकडे बघत होती, चार वर्षांत बघितले नव्हते तशी. पाळण्याची दोरी थोडी सैल झाली होती. ती तिने बोटाने चाचपली.

तायाप्पाने दार उघडले. उघडून तसाच उभा राहिला.

वस्तादांनी हात पुढे केला.

"दे हात. आता दुखायला लागलं पाय."

तो हात तायाप्पाने दोन्ही हातांनी धरला. म्हाताऱ्याने एक पाय खाली टेकवला, दम घेतला, मग दुसरा. वेळ लागला. तायाप्पाने घड्याळ पाहिले नाही.

बाईने नळी लावली. गॅस सुसू करत टाकीत जाऊ लागला. आकडे फिरले. तिघे पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे राहून बघत होते. बघण्यासारखे काही नव्हते.

"प्रेशर चांगलं आहे. पूर्ण भरली," बाई म्हणाली. नळी काढली. "चला, पुढची गाडी."

शेवंता आत बसली. तायाप्पा स्टेअरिंगवर बसला. कागद नेहमी तो समोर काचेपाशी चिमट्यात लावायचा. तो त्याने चिमट्यात लावला. काढला. खिशात घातला. परत काढून मांडीवर ठेवला.

वस्ताद त्याच्या खिडकीशी आले. काच अर्धी वर होती. तायाप्पाने ती पूर्ण खाली घेतली.

"वस्ताद... चूक?"

"चूक न्हाई. कागद चांगला हाय."

"मग सांगा तरी काहीतरी."

मागून हॉर्न आला. तायाप्पाने चावी फिरवली. इंजिन सुरू झाले. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली, वर पाळणा हलू लागला.

वस्तादांनी खिडकीवर हात ठेवला.

"तिच्या दारात गाडी बंद कर. गॅस वाचतो."