दोन भाषांतली भीती

“आणि पोर्तुगिजांच्या बोलीत काय म्हणतोस?” केसोबुवांनी विचारलं.

“तेन्यु सेंप्र मेदु,” सगुण म्हणाला. “इंग्रजापुढे, आय ॲम ऑलवेज अफ्रेड. मला सदाच भीती वाटते... चूक काढून दाखवावी कुणी.”

सगुण गोव्याच्या बंदरावरचा दुभाषी. इकडच्या साहेबाचं बोलणं तिकडच्या साहेबाला पोचवायचं, हे त्याचं काम. शब्दासाठी तो कधी अडला नव्हता. पण घरी दीड महिन्याची लेक होती आणि तिला त्याने अजून एकदाही उचललं नव्हतं. हातातून निसटेल, ही धास्ती. ती झोपली की तिचे श्वास मोजत बसायचा. बायको आता ‘घ्या हो’ म्हणायचीही थांबली होती.

म्हणून तो सुपारीच्या बागेतल्या झऱ्यापाशी, बुवांच्या झोपडीत आला होता. धुकं शेंड्यांना टेकलं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

“तुमच्यापाशी भीती उरली नाही म्हणतात, बुवा. मलाही तसं करा.”

“मी बोलतो. तू दुभाषी हो.”

“इथं ऐकणार कोण?”

“झाडं आहेत. त्यांना कुठलीही भाषा चालते.”

सगुण हसला. सवयीने उठला, हात मागे बांधून उभा राहिला.

“मला सदाच भीती वाटते,” बुवा म्हणाले.

सगुण थबकला. दुभाष्याने ‘हे असं म्हणतात’ म्हणायचं नसतं. बोलणाराचा ‘मी’ तोच आपला ‘मी’. त्याने वाक्य इंग्रजीत सांगितलं. मग पोर्तुगिजांच्या बोलीत... या खेपेला आवाज कातर झाला.

“हे माझंच बोललात ना?”

“तुझं तू मघाशी बोललास. हे माझं.”

“रोज?”

“डोळे उघडायच्या आधी येऊन बसलेली असते.”

...

बुवांनी चुलीवरचं मडकं उतरवलं आणि त्याच्यापुढच्या वाटीत पेज ओतू लागले. मडकं हातात हलत होतं. थोडी पेज काठाबाहेर सांडली, ती त्यांनी पंच्याने पुसून घेतली.

सगुण पीत राहिला. वाटी रिकामी झाली, तेव्हा खालच्या आवाजात म्हणाला, “मग मी तिला... उचलू कसं?”

बुवांनी वाटीत डोकावून पाहिलं.

“आणखी वाढू का? माझा हात कापतोच आहे.”