सरळ माशीची बंदूक

खूप जुनी गोष्ट आहे. राजा प्रजेला नावाने ओळखत असे आणि प्रजा राजाला पाठीमागे थोडीफार हसत असे, त्या काळची. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही कान द्यावा.

नदीकाठच्या एका गावात एक फुगेवाली राहत होती. तिचा नवरा जत्रेजत्रेत फळी उभी करून तिच्यावर रंगीत फुगे लावायचा. लोक वाऱ्याच्या बंदुकीने छर्रे मारून ते फोडायचे. बंदूक त्याच्या वडिलांपासूनची होती. तिच्या दस्त्याला चीर गेली होती, ती तांब्याच्या तारेने आवळलेली होती. नळीची झिलई हात लागून लागून उडाली होती.

पुढे नवरा वारला. फुगेवालीचे गुडघे धरले आणि जत्रांची पायपीट तिला झेपेना.

त्याच सुमारास गावचा म्हातारा नावाडी लेकीकडे राहायला निघाला. त्याला होडी विकायची होती. लाकडाचा एक व्यापारी ती फोडून फळ्या करायला मागत होता. नावाड्याचे मन मात्र होईना. तो फुगेवालीला म्हणाला, "व्यापारी देतो तेवढेच तू दे. दसऱ्यापर्यंत थांबतो. होडी पाण्यात राहिली, तर मला लेकीकडे झोप लागेल."

फुगेवालीचे गुडघे गेले होते, पण हात दणकट होते. होडी मिळाली तर तिचे बसल्या जागी पोट भरणार होते. विकण्यासारखे मात्र तिच्याजवळ एकच होते, ती बंदूक.

भंगारवाल्याने बंदूक तराजूला टांगली आणि लोखंडाचा भाव सांगितला. तेवढ्यात होडीचे एक वल्हेही आले नसते. सुताराने दस्त्यावर टिचकी मारली. लाकूड चांगले आहे, पण चिरलेले आहे, असे म्हणून त्याने ती परत दिली.

मग शेजारच्या गावचा दुसरा फुगेवाला घरी आला. चहा पिऊन झाल्यावर त्याने विषय काढला. "वहिनी, होडीची पूर्ण किंमत देतो. फक्त जत्रेच्या पहिल्या दिवशी माझ्या फळीपाशी उभ्या राहा आणि चार लोकांना सांगा, की ही तुमच्याच घरची बंदूक."

फुगेवालीने विचारले, "आणि माशी?"

इथे थोडे सांगायला हवे. बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी एक बारीकसा उंचवटा असतो. त्याला माशी म्हणतात. जत्रेतले बहुतेक फुगेवाले तिला हळूच हातोडी मारून किंचित वाकडी करून ठेवत. गिऱ्हाईक लाल फुग्यावर नेम धरी आणि छर्रा फळीत जाई. तिच्या नवऱ्याने ते कधीच केले नव्हते. दुपारपर्यंत त्याचे फुगे संपायचे, हातात थोडेच उरायचे, पण त्याच्या फळीपुढची रांग कधी मोडली नाही.

दुसरा फुगेवाला हसला. "माशी वाकवावीच लागेल. सरळ ठेवून घर चालतं का? दादांचं तरी कुठं चाललं?"

फुगेवालीने त्याला उद्या सांगते म्हटले आणि बंदूक घेऊन ती घाटावर जाऊन बसली. समोर होडी हलत होती. हो म्हटले की होडी आपली. पण बसल्या बसल्या तिच्या मनात आले, की हा माणूस सरळपणाच्या नुसत्या नावासाठी अख्खी होडी देतो आहे. मग ज्याला खराच सरळपणा हवा, तो किती देईल?

असा माणूस कोण, हे आठवून तिला एकटीलाच हसू आले.

त्या राज्याची एक रीत होती. दसऱ्याच्या दिवशी राजाने नदीकाठी सर्वांसमोर वाऱ्याच्या बंदुकीने एक मातीचे बोळके फोडायचे. राजाचा नेम दरवर्षी चुकायचा. दरवर्षी दरबारी बंदुकीला नावे ठेवायचे आणि राजा नवी बंदूक घ्यायचा.

फुगेवाली दुखऱ्या गुडघ्यांनी राजवाड्यात गेली आणि विकायची म्हणून बंदूक राजापुढे ठेवली. एका दरबाऱ्याने विचारले, महाराजांना आता फुगे फोडायला लावता का? सगळे हसले. राजाने मात्र बंदूक हातात घेतली. बागेच्या भिंतीवर बोळके ठेवले होते. त्याने नेम धरला, चाप ओढला. छर्रा पेरूच्या झाडात गेला.

"बंदूक वाकडी आहे, महाराज," दरबारी म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

फुगेवालीने मनात हिशेब केला. गप्प राहिली, तर परत जाऊन दुसऱ्या फुगेवाल्याला हो म्हणता आले असते. बोलली, तर दोष राजाकडे जात होता आणि मग बंदूकही गेली असती, होडीही.

"बंदूक सरळ आहे, महाराज," ती म्हणाली.

राजाने विचारले, "मग चुकतं कुठं?"

"चाप ओढताना आपण डोळे मिटता. जत्रेत निम्मी माणसं मिटतात, आवाजाला भिऊन. आमचे हे त्यांना सांगायचे, छर्रा आधीच गेलेला असतो, आवाज मागून येतो. त्याला कशाला भ्यायचं?"

राजाने बंदूक खाली केली. "हे मला आजवर कुणीच सांगितलं नाही."

"कसं सांगतील? बंदुकीवर ढकललं की भागतं."

तिने छर्रा भरून दिला. राजाने डोळे उघडे ठेवले. बोळक्याच्या काठाचा टवका उडाला. पुढच्या छर्र्याला बोळके फुटून खाली पडले. राजा लहान मुलासारखा उडी मारून हसला. मग त्याने दुसरे फोडले, तिसरे फोडले. शेवटी कुंभाराकडे माणूस धाडावा लागला.

राजाने किंमत विचारली. फुगेवालीने आधी दस्त्याची चीर दाखवली. तार सैल झाली की पुन्हा आवळावी लागेल, झिलईही उरलेली नाही, असे सांगितले.

"झिलई माझ्या शस्त्रागारात भरपूर आहे," राजा म्हणाला.

मग तिने होडीची किंमत मागितली आणि वर दोन नवी वल्ही.

"तेवढ्यात तूच फसशील," राजा म्हणाला. "ही बंदूक नसती, तर मी जन्मभर बंदुका बदलत बसलो असतो. नव्या बंदुकीला दरवर्षी जे देतो, तेच घे." ते होडीच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

दसऱ्याला पहिल्याच छर्र्यात बोळके फुटले. फुगेवालीने ते आपल्या होडीतून पाहिले. होडी माणसांनी भरली होती. पुढच्या फळीवर म्हातारा नावाडी मांडी घालून बसला होता आणि वल्हे कसे धरावे, ते तिला उगाचच शिकवत होता. बोळके फुटले तसे दोन्ही काठांवर ढोल वाजू लागले.

जत्रेतल्या वाकड्या माश्यांची गोष्ट फुगेवालीने राजाला सांगितली होती, म्हणून त्याने त्याच दिवशी हुकूम काढला, की प्रत्येक फुगेवाल्याने रोज आधी स्वतः आपल्या बंदुकीने फुगे फोडून दाखवावेत आणि मगच गिऱ्हाईक घ्यावे. पुढच्या जत्रेत दुसरा फुगेवाला सकाळभर हातोडी घेऊन माशी सरळ करत बसला होता.

म्हणून लक्षात ठेवावे: खरेपणा हीच वस्तूची किंमत असते, तो वाकवला की हातात नुसते लोखंड उरते.