पट्टीखालची जखम

राजे-राण्या पायी फिरत होते, त्या जुन्या काळची गोष्ट. एका राणीच्या कानावर नदीच्या घाटावर अर्धंच बोलणं पडलं.

"टेकडीपलीकडच्या गावात म्हणे घरोघरी पायाला पट्ट्या, आणि पट्टीखाली..."

तेवढ्यात बोलणारीला राणी दिसली. तिनं पदर तोंडाला लावला.

राणीला काळजी लागली. त्याच गावात तिनं एक प्रयोग मांडला होता. सुगीला प्रत्येक घरानं सामाईक कोठीत पायलीभर धान्य घालायचं, कमी पडेल ते राजवाड्यानं द्यायचं. आजाऱ्याला औषध फुकट, आणि वैद्याला दर पट्टीमागे शेरभर धान्य. जमलं तर साऱ्या राज्यात करायचं.

प्रधान म्हणाला, "फुकटचं मिळालं की माणूस लंगडणारच! बंद करा."

"आधी जाऊन बघू या तर," राणी म्हणाली.

गावात पाहावं तो लंगडतोय. राणीनं एका आजोबांना विचारलं, "कोणता पाय दुखतो, आजोबा?"

आजोबांनी शेजारी उभ्या वैद्याकडे पाहिलं. "डावा, राणीसाहेब." पट्टी तर उजव्याला!

राणी खाली बसली आणि स्वतःच्या हातानं पट्ट्या सोडू लागली. एक, दोन, चार, आठ. सगळ्यांखाली धडधाकट कातडी. वैद्याचा चेहरा उतरला.

"पुरे झालं," प्रधान म्हणाला. "कोठीला कुलूप घाला."

तशी मागून एक तेलीण काठी टेकत पुढे आली. "सगळ्यांच्या सोडल्यात, मग माझ्या पट्टीनं काय घोडं मारलंय?"

पट्टी सुटली आणि प्रधानानं नाकाला उपरणं लावलं.

"घाण्याची जड लाकडी लाट पडली पायावर," तेलीण म्हणाली. "पाय जाणार म्हणत होते, आता कुठं मांस भरतंय. कुलूप घातलंत तर पाय जाईल, बाई. माझा घाणा बसला, की चार पोरं उपाशी."

आणखी दोघांच्या पट्ट्यांखालीही जखमा निघाल्या.

राणीनं वैद्याला विचारलं, "हिला बरं करतोस, मग ही लबाडी का?"

"तीन जखमांवर घर चालेना, म्हणून शेरातलं मूठभर देऊन बाकीच्यांना पट्ट्या बांधल्या. पट्टीमागे शेर तुम्हीच ठरवलात, राणीसाहेब."

राणीनं तेलिणीची पट्टी पुन्हा बांधली. मग म्हणाली, "खोट्या पट्ट्यांचं धान्य तू परत भरशील. माझी चूक मी दुरुस्त करते. यापुढे तुला वर्षाचं ठरलेलं धान्य मिळेल. दर महिन्याला माझा माणूस येईल आणि गावादेखत पट्ट्या सोडून बघेल."

कोठी उघडी राहिली. पुढच्या सुगीला तेलीण काठीशिवाय घाण्याभोवती फिरत होती. पट्टीखाली काहीच नाही, हे घाटावरचं बोलणं खरं होतं, पण अकरातल्या आठ पायांपुरतंच.

तात्पर्य : लबाडी शोधायला पट्टी जरूर सोडावी, पण खाली जखम निघाली तर ती पुन्हा नीट बांधावी.