मोटारीची झूल

गोष्ट सांगायची मला हौस नाही. वाचनालयाच्या मंडळींनी परस्पर माझं नाव फळ्यावर लिहिलं आणि वर म्हणाले, चार बोधाचे शब्द सांगा. बोधबिध मला येत नाही. गोष्ट आहे ती सांगतो.

एकदा एका डोंगरी संस्थानात विलायतेहून मोटार आली. पितळी दिवे, आत मखमल, आणि पुढच्या जाळीवर घालायला जाड चामड्याचं आच्छादन. ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. दरबाऱ्यांनी ठरवून टाकलं, हत्तीला असते तशी ही झूल. तिच्यावर जरीचं राजचिन्ह चढलं आणि रिवाज पडला, झुलीविना मोटार महालाबाहेर काढायची नाही.

मोटारखान्याचा वृद्ध मिस्त्री दोनदा बोलला, "हुजूर, हिचं तोंड उघडं राहू द्या."

राजेसाहेब हसले. "मिस्त्री, हत्तीनं कधी झुलीची तक्रार केलीय?"

महालापासून देवळापर्यंतच धाव, त्यामुळे निभावलं. झूल बांधायचा मान मिस्त्रीच्या शागिर्दाकडे होता. तो पट्ट्यांना तेल लावी, बक्कल चिंचेनं घासून लखलखीत ठेवी.

ऐन वैशाखात, भर दुपारी, बाळंतपणाला माहेरी आलेल्या ताईसाहेब अडल्या. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना घाटापलीकडे. राजेसाहेब लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. मिस्त्री चाकाशी बसला. शागिर्दानं त्या घाईतही झूल बांधलीच.

निम्मा घाट चढला आणि जाळीतून वाफ फुसफुसू लागली. इंजिन धापा टाकू लागलं. मिस्त्रीनं मोटार डोंगराकडेला घेतली. मागून ताईसाहेबांचं कण्हणं येत होतं, मग तेही क्षीण झालं. शागीर्द पाण्याचा डबा घेऊन धावला.

"डबा ठेव," मिस्त्री म्हणाला. "तापल्या लोखंडावर गार पाणी घालशील तर तडकेल. चाकू काढ. झूल काप."

"वस्ताद, त्यावर चिन्ह आहे."

"दिसतंय मला."

"मग तुम्ही कापा."

"तू बांधलीस. तूच काप."

शागिर्दानं मागे पाहिलं. राजेसाहेबांची नजर चाकूवर होती. संस्थानात चिन्हाला पाय लागला तरी माणूस कामावरून जाई. तेवढ्यात ताईसाहेबांचा हात बैठकीवरून खाली लोंबला. त्यानं चाकू चालवला. पट्टे तुटले, झूल धुळीत पडली आणि दरीतला वारा जाळीत शिरला.

वाफ बसेपर्यंत मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, मग त्यानं बारीक धारेनं हळूहळू पाणी ओतलं. मोटार घाट चढली.

तिन्हीसांजेला दवाखान्याच्या ओट्यावर मिस्त्री आणि शागीर्द बसले होते. आतून तान्ह्याचं रडणं आलं, पाठोपाठ ताईसाहेबांचा आवाज. शागिर्दानं विचारलं,

"वस्ताद, तुम्हीच का नाही कापलीत?"

"मी कापली असती तर उद्या नवी झूल आली असती, आणि तू ती बांधली असतीस."

मग म्हणाला, "मोटार करणाऱ्याचा दोष नाही बाबा. त्याच्या मुलखात थंडीनं पाणी गोठतं, म्हणून त्यानं लेकराला कानटोपी द्यावी तसं पांघरूण दिलं. आपण मोटार घेतली आणि तिची थंडीही सोबत घेतली. जे कळलं नाही, त्याला मान म्हणून मोकळे झालो. बांधताना हाताला विचारावं, हे ऊब देतंय की श्वास कोंडतंय."

परतताना शागिर्दाचा हात सवयीनं पट्ट्याकडे गेला. पट्टा नव्हता. मागून राजेसाहेब म्हणाले, "असू दे. वारा लागू दे तिला."

एवढीच गोष्ट. ज्याला लागू करायची त्यानं करावी. आपल्या वाचनालयाच्या कूलरवर भरतकामाची चादर घातलेली होती. चालू कूलरवरची ती मी ओढून काढली म्हणून भर सभेत मला रानटी म्हणणारे विश्वंभर ताटके अजून माफी मागायला आलेले नाहीत.