गोलकीपरची बॅग

एका छावणीच्या गावात हॉकीचा एक पगारी संघ होता. तोफखाना संघ म्हणत त्याला. गावातली पोरं पाटी धरण्याआधी हॉकीची काठी धरत, आणि संघातल्या खेळाडूंना भाजीवालीसुद्धा नावाने हाक मारी.

या संघात एक जुनी रीत होती. जिंकलेल्या दिवशी गोलकीपरची बॅग कोणीही उचलावी. हरलेल्या दिवशी मात्र ती कप्तानानेच उचलायची आणि गोलकीपरच्या घरी पोचवायची. ही बॅग साधी नसते. पायांचे जाड पॅड, छातीचं चिलखत, हातमोजे, हेल्मेट, सगळं घामाने भिजलेलं. उचलणाऱ्याचा खांदा एका बाजूला झुकतो आणि वासाने डोळ्यांत पाणी येतं.

कप्तान होता मल्हारी वाघमोडे. त्याचा धाकटा भाऊ खंडू त्याच संघात बचावाला खेळायचा. खंडू शाळेत फार टिकला नव्हता, आणि राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. एकदा हरल्यावर तो म्हणाला, "दादा, गोल त्या गोलकीपर फ्रान्सिसने खाल्ले. ओझं तू का वाहतोस?"

मल्हारी हसला. "गोल पडतो तेव्हा त्याच्याआधी दहा जण हुकलेले असतात, खंड्या. तो शेवटी उभा असतो, म्हणून तेवढा दिसतो."

अशाच एका हरलेल्या दिवशी मल्हारी फ्रान्सिसची बॅग मोटरसायकलला बांधून निघाला. चिंचेच्या वळणावर समोरून ट्रक आला. मल्हारी जागच्या जागी गेला. बॅग रस्त्याकडेला पडली होती. एक शिवण उसवली होती, बाकी धड होती.

बॅग धड आणि भाऊ नाही, हे खंडूच्या डोक्यात रुतून बसलं. दहाव्याला फ्रान्सिस दाराशी आला, तेव्हा खंडू सगळ्यांदेखत ओरडला, "तुझ्या त्या बोचक्याने माझा भाऊ नेला. चालता हो इथून!" फ्रान्सिसने टोपी छातीशी धरली आणि तो आल्या वाटेने परत गेला.

थोड्याच दिवसांत संघाला पगार देणाऱ्या शेठनी नवे प्रशिक्षक आणले, टिपणीस सर. त्यांनी कप्तानाची पट्टी खंडूच्या दंडाला बांधली, कारण वाघमोडे हे नाव ऐकून लोक मैदानावर येत. मग त्यांनी ती जुनी रीत मोडून टाकली.

"कप्तान म्हणजे हमाल नव्हे," ते म्हणाले. "यापुढे हरलो की कप्तानाने मला एक नाव द्यायचं. ज्याच्यामुळे हरलो, त्याचं. तो पुढच्या सामन्याला बिनपगारी बाहेर बसेल."

टिपणीस सर मुळात वाईट नव्हते. हरल्यावर शेठ त्यांना हेच विचारायचे, की कोणामुळे हरलो? सरांनी तो प्रश्न खाली ढकलला, इतकंच.

खंडूला ते बरंच वाटलं. त्या बॅगेला त्याला हातसुद्धा लावायचा नव्हता. पहिल्यांदा हरले, तेव्हा त्याने दिलावरचं नाव दिलं. दुसऱ्यांदा परशाचं. दोघेही बाहेर बसले. आणि संघाला भलतीच सवय जडली. जो तो चेंडू आला की निखारा हातात आल्यासारखा दुसऱ्याकडे टाकू लागला.

"घे रे, पुढे मोकळंच आहे!" दिलावर ओरडायचा.

"तूच जा की! मला बायकापोरं आहेत," परशा म्हणायचा.

लोक हसायचे. संघ हरतच राहिला.

मग बंदर संघाशी सामना आला. शेवटापर्यंत बरोबरी होती. अगदी अखेरीस बंदरवाल्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. अशा वेळी गोलकीपर आणि चार जण गोलरेषेमागे उभे राहतात. समोरच्याने चेंडू आत ढकलला की मगच धावायचं. आधी जो रेषा सोडतो, त्याला पंच मैदानाच्या मध्यावर धाडतात, आणि उरलेल्यांना निभवावं लागतं. सगळ्यांत आधी धावून फटका अंगावर घ्यायचा, हे मल्हारीचं काम होतं. आता ते खंडूचं होतं.

बंदरचा एक गडी दात काढून म्हणाला, "काय वाघमोडे, भावासारखा तूही रस्त्यातच राहणार का?"

खंडूच्या डोळ्यांपुढे लाल झालं. चेंडू अजून हललाही नव्हता आणि तो त्या गड्याच्या अंगावर धावला. शिट्टी वाजली. पंचांनी त्याला मध्यावर धाडलं.

तिथून खंडूने पाहिलं. फ्रान्सिसपुढे आता तिघंच होते. जिथून खंडूने धावायचं ती वाट उघडी पडली होती. फ्रान्सिसने पहिला फटका पॅडवर घेतला. परतलेला चेंडू पुन्हा आला, तो त्याने आडवं पडून हाताने काढला. तो उठत होता, तेवढ्यात तिसरा फटका आत गेला. लोक ओरडले, "फ्रान्सिसला काढा! म्हातारा झाला तो!" खंडूचं नाव कोणीच घेतलं नाही. एवढ्या लांब उभा असलेला माणूस कोणाला दिसतो?

कपडे बदलायच्या खोलीत टिपणीस सर दाराशी उभे राहिले. "बोला कप्तान. नाव."

सगळे फ्रान्सिसकडे पाहू लागले. तो खाली बसून पॅडचे पट्टे सोडत होता. सर हळूच म्हणाले, "शेठ म्हणतात, यंदा त्याला कायमचाच मोकळा करू. तू फक्त नाव घे. पट्टी तुझ्याकडेच राहील."

भाऊ गेल्यापासून खंडू हेच नाव दातांखाली धरून बसला होता. आता ते जिभेवर आलं.

"घे की," फ्रान्सिस मान वर न करता म्हणाला. "तुला हवंय ते, ठाऊक आहे मला. मी रागावणार नाही, पोरा."

खंडूची नजर बॅगेवर गेली. उसवलेली शिवण तशीच होती. तिथे एक निळी दोरी आवळून बांधली होती. ती दोरी खंडूने ओळखली. मल्हारीच्या मोटरसायकलची होती. एवढे दिवस फ्रान्सिस तीच बांधून येत होता, त्याच मैदानावर, शिव्या खात, त्याच गोलात उभा राहायला.

"वाघमोडे," खंडू म्हणाला.

"काय?"

"नाव विचारलंत ना? खंडू वाघमोडे. रेषा मी सोडली."

सर वैतागले. "कप्तानाचं नाव चालत नाही! तुला बाहेर बसवलं तर लोक येतील का? दुसरं नाव दे."

"दुसरं नाही. आणि याआधी दिली ती दोन्हीही खोटी होती. परशा, दिलावर, ऐका रे, खोटी होती! सर, यापुढे या खोलीतून तुम्हाला नाव मिळणार नाही. शेठला सांगा, अकराही जण हरलो."

"मग पट्टी काढ!"

खंडूने पट्टी ओरबाडून काढली आणि बाकावर फेकली. तो खाली वाकला आणि त्याने फ्रान्सिसची बॅग खांद्यावर घेतली.

सर उपहासाने म्हणाले, "ती कप्तान उचलतो ना तुमच्यात? आता तू कोण?"

"उचलतोय ते दिसतंय ना? मग तुम्हीच ठरवा."

तो चालत निघाला. फ्रान्सिस शेजारून चालला. चिंचेच्या वळणावर खंडूचे पाय अडखळले. मागून ट्रकने भोंगा वाजवला. खंडू मागे वळला आणि घसा फाटेस्तोवर ट्रकवाल्यावर ओरडला. मग रडला. बॅग मात्र त्याने खाली ठेवली नाही.

"खांदा बदल, पोरा," फ्रान्सिस म्हणाला. "मल्हारी चालत यायचा तेव्हा इथेच बदलायचा."

पुढच्या सामन्याला सरांनी पट्टी परशापुढे धरली. परशाने हात मागे घेतले. दिलावरने बुटाची नाडी बांधायला घेतली. कोणीच पट्टी घेईना. पंच म्हणाले, "कप्तानाशिवाय खेळता येणार नाही. कोण आहे तुमचा कप्तान?" सगळे एकदम म्हणाले, "वाघमोडे!" सरांचा नाइलाज झाला. गोलात फ्रान्सिसच उभा राहिला.

त्या दिवशी प्रत्येक जण चेंडू मागून घेत होता. चुकत होता आणि पुन्हा मागत होता. तरीही एका गोलाने ते हरले.

खोलीच्या दाराशी टिपणीस सर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण आत गोंधळ चालला होता.

"सोड, आज माझी पाळी!"

"तुझी कसली? तो चेंडू मी हुकलो!"

फ्रान्सिसची बॅग मध्ये होती. तिला बंद होते दोन, आणि धरायला सगळा संघ आला होता. निळी दोरी खंडूने घट्ट धरली होती.

सरांनी नाव विचारलं नाही. ते दारातून बाजूला झाले.

तात्पर्य: हरल्यावर जो दुसऱ्याचं नाव पुढे करतो, त्याच्या दंडाला फक्त पट्टी असते. जो हरलेल्यांचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतो, त्याचं पुढारीपण कोणालाच काढून घेता येत नाही.